बांधाखालचे सात कॅमेरे

ती सकाळ मी विसरलेलो नाही. पनवेलच्या आमच्या ठाण्यात हजेरी नुकतीच आटोपली होती आणि खबऱ्याचा फोन आला. नेऱ्याकडच्या फार्महाउसवरून महिनाभरात सात सीसीटीव्ही कॅमेरे गायब झाले होते. मालक रोज फोन करून माझं डोकं खात होता. खबरी म्हणाला, "सायेब, गावातलाच पोर हाय. बांधाला खड्डा खनतोय, लगेच या."

मुद्देमालासह माणूस हाती लागावा, असं भाग्य क्वचितच. शेतकऱ्याचा पंचविशीतला मुलगा, खारघरला इंजिनीअरिंग अर्धवट सोडून घरी आलेला. पंचनाम्यात सातही कॅमेरे सापडले, प्रत्येक फडक्यात नीट गुंडाळलेला. विकायचा माल कोणी बांधाखाली पुरत नाही, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पण मी खुशीत होतो.

चौकशीची आमची जुनी रीत होती. तिघांनी तीन बाजूंनी बसायचं आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा. खोटं बोलणारा लवकरच घसरतो. हा घसरेना. प्रत्येक प्रश्नानंतर मान डावीकडे कलती करून थांबायचा आणि भलतंच बोलायचा. वायरलेस खरखरला की कान दाबून धरायचा. बेटा नाटक करतोय असं वाटून माझा आवाज चढला.

ठाण्याच्या दारात त्याची आई उभी होती. "सायेब, माजा पोर चोर नाय. त्याला बाहेरचं हाय. दोन वर्सं भगताकडं नेतो आमी. आंगोल करीत नाय, माज्या हातचं जेवत नाय, मोबाइल हिरीत टाकला."

आमच्या हवालदार बाईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, माझा भाऊ अशीच मान वाकडी करून ऐकायचा. याच्या कानात आधीच कोणीतरी बोलतंय, त्यात आपण तिघं ओरडतोय."

मी चपापलो. बाकीच्यांना बाहेर काढलं आणि त्याला वायरलेसपासून लांब, मागच्या व्हरांड्यात नेलं. एकच प्रश्न विचारला, "कॅमेरे का पुरलेस?" आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ते आईवर नजर ठेवतात. तिला मारायचं ठरवतात, मला ऐकू येतं. पुरले की गप्प होतात."

मला माझीच लाज वाटली. गुन्हा नोंदवायची तयारी झाली होती. नोंदवला असता तर पोरगा कोठडीत गेला असता आणि जन्मभर चोर ठरला असता. मी त्याला आईसोबत सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. ते आवाज त्याला खरोखर ऐकू येतात, त्यात ढोंग नाही, औषधं नियमित घेतली तर बराच फरक पडू शकेल, असं त्यांनी आईला समजावलं. कॅमेरे शाबूत परत मिळाल्यावर मालकानेही कुरकुरत का होईना, तक्रार अर्ज मागे घेतला. त्या दिवशी घरी जाताना छातीवरचं ओझं उतरलं होतं.

नोकरीभर मी लोकांना प्रश्न विचारले, उत्तराची वाट पाहायला मात्र त्या व्हरांड्यात शिकलो. निदान तसा माझा समज होता.

निवृत्तीनंतर एकदा नेरे रस्त्यावरच्या नर्सरीत मोगरा घ्यायला थांबलो. तोच मुलगा रोपांना पाणी घालत होता. फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. आई बाकावर डबा उघडून त्याची वाट बघत होती. मी आनंदाने सुरूच झालो, "कसा आहेस? औषध घेतोस ना? आवाज थांबले का?"

त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि हसला. "साहेब, एका वेळी एकच विचारा."