बाबांचं कार्ड

माझे बाबा शेषराव शेलूबाजारच्या शाळेत शिपाई. पगारदार माणूस म्हणून गावात कुणालाही कर्ज हवं असलं की जामीन हेच. त्यातल्या एकाने हप्ते बुडवले आणि बाबांचा क्रेडिट स्कोअर जेमतेम राहिला. तेवढ्यावर कॅशबॅकची दोनच कार्डं मिळत होती. एक पेट्रोलवर पैसे परत देणारं, दुसरं औषधांवर.

"बाबा, रोज गाडी चालवता तुमी. पेट्रोलवालंच घ्या," मी म्हटलं.

"औषधवालं घे, दीपा."

"कायले? आपल्या घरी कोण बिमार आहे?"

"विनोदच्या मायले दर महिन्याले गोळ्या लागतात. मीच आणतो."

हप्ते बुडवून पुण्याला पळालेला तो हाच विनोद. माझं डोकंच फिरलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "तो पळाला. माय तं इथंच राह्यली ना."