पाटणकर आणि टिपचं तत्त्व

परदेशी पाहुणे, चार मराठी माणसं आणि एक तमिळ मेस एकत्र आली की किस्से आपोआप साचतात, आणि ते कुणाला तरी वाढल्याशिवाय चैन पडत नाही.

चेन्नईजवळ ओरगडमला आमच्या कारखान्याच्या गेटसमोर ही मेस. वाढायला साठीचे सेल्वम अण्णा. हल्ली त्यांचा हात थरथरतो. "आणखी एक तक्रार आली तर घरी बसायचं," असं मालकाने त्यांना आमच्यादेखत सुनावलंय. तेव्हापासून अण्णांनी सांबाराची बादली उचलली की जीव आमचा वरखाली होतो.

अमेरिकेच्या लिंडाबाईंनी पहिल्याच दिवशी बिलाएवढी टिप ठेवली. काहीतरी चुकलंय म्हणून अण्णा भर उन्हात नोटा घेऊन त्यांच्या गाडीमागे धावले. बाईंना वाटलं, कमी पडली. त्यांनी आणखी एक नोट काढली!

जपानचे सातो-सान उलट. त्यांच्याकडे टिपची पद्धतच नाही. मी पानाशेजारी ठेवलेले पैसे उचलून ते पार्किंगपर्यंत माझ्यामागे आले. "मॅडम, विसरलात." मी पैसे ठेवायला परत गेले, तर पुन्हा जेवायला आले समजून अण्णांनी नवं पान मांडलं.

आमचा रामराव तंजावरी मराठी, जन्म इथलाच. तो रोज टिप देत नाही, दिवाळीला अण्णांना नवी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, देतो. म्हणतो, "सणाला दिलं की घरचं वाटतं."

आणि सांगलीचे पाटणकर. ना रोज, ना सणाला. "वाढणं हे त्यांचं कामच आहे. वर पैसे कसले?"

"पाटणकर, खिसा शिवून घेतलाय का हो?" आमच्यातल्या चौथ्या, वैशालीने एकदा विचारलं.

"खिसा नाही, तत्त्व आहे."

गेल्या महिन्यात अण्णांचा हात हललाच. चांगलं कढत रसम थेट पाटणकरांच्या पांढऱ्या शर्टावर! मालक गल्ला सोडून धावत आला. अण्णांचा चेहरा पार उतरला.

"माझंच कोपर लागलं," पाटणकर मालकाला म्हणाले. "त्यांचा काय दोष?"

मालकाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. तो गल्ल्यावर परत गेला.

जेवण उरकून पाटणकर हात धुऊन आले, तर त्यांच्या पानाशेजारी एक नोट.

"ही कुणाची?"

"माझी, सार," अण्णा म्हणाले. "टिप."

आम्ही पाटणकरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी नोटेची नीट घडी घातली आणि ओल्या शर्टाच्या खिशात ठेवली.