मृगाची तारीख आणि खिशातला फोन

माझ्या धाकट्या भावाचा फोन आता बाबांच्या बंडीच्या खिशात असतो. मागच्या वर्षी पोळ्यानंतर भाऊ पुण्यात डेंग्यूनं गेला. त्याचं सामान घरी आलं, त्यात हा फोन होता. बाबांनी तो चार्ज केला, खिशात टाकला, आणि कोणाची काही बोलायची हिंमत झाली नाही. आई त्या फोनकडे बघतसुद्धा नव्हती. "बंद करा ते," एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला वळायची.

एप्रिल लागला आणि तो फोन रोज सकाळी वाजायला लागला. टिंग! एकच बारीक आवाज. मी कारंज्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शनिवारी केनवडला घरी आले, तर बाबांनी उंबऱ्यातच फोन माझ्यापुढे धरला.

"बाई, पाह्य बरं. कोनतरी त्याले रोज काहीतरी विचारून राह्यलं."

मी पाहिलं आणि चक्रावलेच. विचारणारं माणूस नव्हतंच. भाऊ नोकरी करायचा एका कंपनीत, पण त्याचा जीव होता संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंगसाठी त्यानं स्वतः बनवलेल्या एका पॅकेजात. पॅकेज म्हणजे तयार हत्यारांची पेटी समजा, कोणीही फुकट घ्यावी आणि वापरावी. रोजच्या पावसाचे आकडे त्यात टाकले की मृगात किती पडला, आर्द्रात किती, हस्त कोरडा गेला का, असा नक्षत्रवार हिशेब मिळायचा. आकडे येतात तारखांनी आणि आमच्या गावाचा पाऊस चालतो नक्षत्रांनी, म्हणून त्याला हे सुचलं. कृषी महाविद्यालयातली थोडी पोरं ते वापरायची.

हे पॅकेज नीट चालतं की नाही, याची तपासणी त्यानं यंत्रावर सोपवली होती. रोज पहाटे ती आपोआप सुरू व्हायची, प्रत्येक सूत्र चालवून बघायची, उत्तर ठरल्याप्रमाणं आलं का ते ताडून पाहायची. चुकलं की भावाला मेल. बरोबर आलं तर चूप. यंदा तिची एकच तक्रार होती: या वर्षीच्या नक्षत्रांच्या तारखा सापडत नाहीत.

सापडतील कशा? भरणाराच गेला. दर पाडव्याला बाबा नवं पंचांग घेऊन बसायचे आणि हा पुण्याहून फोन लावायचा. बाबा वाचणार, हा लिहून घेणार. मी कितीदा ओरडले असेन, "अरे येड्या, तारखा काढाचं एक सूत्र लिही ना! जन्माची कटकट जाईन." तर म्हणायचा, "अन् मंग बाबांले फोन कायले करू?" बाबा तारखेसोबत नक्षत्राचं वाहनही सांगायचे, आणि हा शहाणा तेही भरायचा. मृगाचं वाहन गाढव आहे की मोर, याचा सरासरीशी काय संबंध? पण माझं ऐकतो कोण!

त्या मेलांमध्ये आणखी एक मेल होता. अशी पॅकेजं जिथं ठेवतात त्या भांडाराचा. महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज काढून टाकू, असं लिहिलं होतं. त्यांना तरी काय माहीत. भावानं मला न विचारता सहायक म्हणून माझं नाव घालून ठेवलं होतं, त्यामुळे दुरुस्ती मला करता येणार होती. मी लॅपटॉप उघडला.

बाबा बाजूला येऊन बसले. "दुरुस्त झालं की मंग वाजनार नाही?"

"नाही वाजनार."

"मंग राहू दे."

मी चिडले. "राहू दे काय, बाबा? फोन वाजत राहीन, पन ते लोक त्याचं पॅकेज काढून टाकतीन. त्याचं नाव लिहिलेलं तेवढंच तर उरलं जगात!" बाबा उठून शेताकडे निघून गेले. जेवायलाही उशिरा आले.

रविवारी सकाळी त्यांनी पंचांग आणून माझ्यासमोर ठेवलं. पाडव्यालाच आणलं होतं, उघडलं मात्र नव्हतं. "लिहून घे," म्हणाले. चष्मा चढवून त्यांनी रोहिणीपासून सुरुवात केली. त्याला फोनवर सांगायचे तसंच, प्रत्येक तारीख दोनदा, मोठ्यानं, जणू पलीकडं रेंज नाही. मधेच थांबले. "वाहन भरत होता ना तो?"

"भरत होता."

"मंग भर."

मी म्हैस भरली, बेडूक भरला, हत्ती भरला. चित्रा आली तेव्हा बाबा पंचांगातून मान वर न करता म्हणाले, "लिवलं का रे?" मी चित्राची तारीख भरून "हो" म्हटलं, आणि ते पुढे वाचायला लागले.

तपासणी चालवली, सगळं बरोबर आलं. पॅकेज वाचलं. मी दोन दिवसांची रजा टाकून घरीच राहिले.

सोमवारी सकाळी बाबा ओट्यावर फोन हातात घेऊन बसले होते. चहा तसाच थंड झालेला.

"वाजला नाही."

"सारं ठीक असलं की वाजत नाही, बाबा. तसंच असते ते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच म्हनलो होतो मी," ते म्हणाले.

पोळ्यानंतर त्याचा फोन आला नव्हता, आई जीव खात होती, तेव्हा हेच बाबा तिला समजावत होते, "फोन नाही म्हंजे सारं ठीक हाये. कामात असन पोरगा." आणि तो पोरगा खोलीवर तापानं फणफणत पडला होता. आम्हाला घोर नको म्हणून फोन करत नव्हता. पुढं फोन आला तो दवाखान्यातून, आणि तोही त्याच्या मित्राचा.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "त्याले सांग, ठीक असलं तरी कळवत जाय म्हना."

त्याले म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. आत जाऊन मी तपासणीची एक ओळ बदलली: चूक असो की नसो, रोज मेल पाठव. असं कोणी करत नाही. उगाच मेलांचा ढीग होतो.

मंगळवारी मी कारंज्याला परतायला मालेगावची बस धरायला निघत होते, तेवढ्यात बाबांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. चुलीपाशी आईचे हात पिठातच थांबले.

"काय म्हन्ते?" तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"सारं ठीक हाये म्हन्ते," मी वाचून दाखवलं.

"उद्या बी येईन?"

"रोज येईन, आई."

तिनं पदरानं डोळे पुसले, तर सगळ्या तोंडाला पीठ लागलं. मग बाबांकडं बघून म्हणाली, "आता बंद नका करू ते."