लूमच्या ठेक्यावरची वंदना

दोंडाईच्याच्या फलाटावर सुरतेची गाडी यायला अवकाश होता, आणि माझे वडील तेवढ्यात माझ्या पोरीची परीक्षा घेत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गावच्या विहारात तेव्हा वंदना तेच सांगायचे. आमच्या ह्यांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, माझ्या हातात भांड्यांचं पोतं, आणि आठ वर्षांची मितू कपड्यांच्या गाठोड्यावर बसून त्रिशरण म्हणत होती. पंचशील सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला अडकली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"आठेच अडकनी. तठे कोन शिकाडी हिले? मनाकडेच राहू दे."

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अण्णांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. शाळेचं वर्ष अर्धं सरलेलं, सुरतेत अधेमधे प्रवेश कोण देणार, आणि दिला तरी अभ्यास गुजरातीतून. पण पोर मागे ठेवायची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, घरीच शिकवीन. वैशाखी पौर्णिमेच्या आत अख्खी वंदना न अडखळता म्हणून दाखवेल, नाही म्हटली तर खुशाल घेऊन जा. अण्णा म्हणाले, "बरं." गाडी हलली तेव्हा मला कळलं की आपण रागाच्या भरात काय बोलून बसलो आहोत.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि तापीच्या काठाकाठाने माझ्यासारखं इकडे आलेल्यांनो, घरी शाळा भरवणं ही काय चीज आहे ते मला विचारा. सुरतेच्या डिंडोलीत आमची एकच खोली. तिला लागून लूमचं खातं, म्हणजे माग चालतात तो कारखाना. खटाखट खटाखट दिवसभर चालू. पहिला आठवडा आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोललो. मग कान मेले, किंवा शहाणे झाले म्हणा. हे त्याच खात्यात माग चालवायला लागले आणि मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेतलं.

वेळापत्रक ह्यांच्या पाळीवर ठरायचं. दिवसपाळी असली की हे डबा घेऊन बाहेर पडले की वंदना, मग गणित, मग वाचन. रातपाळी असली की हे सकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि त्यांच्या पायाशी शाळा भरायची. मला काळजी, की माणसाची झोप मोडेल. कसली मोडते! माग चालू, मितू चालू, हे घोरतायत. पण मितू थांबली की पांघरुणातून आवाज यायचा, "काय झालं? पुढे म्हण ना." मास्तरीण मी, आणि तपासणी झोपलेल्या माणसाची.

पाढे आम्ही खड्यांवर शिकलो. साडीच्या काठाला सात-सात खड्यांचं फूल असलं की सातचा पाढा, आठाचं आलं की आठचा. सातच्या पाढ्यावर मी जरा जास्त दिवस रेंगाळले, कारण ऑर्डरच तशी होती. गुजराती मात्र मितूने मला शिकवलं. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती बाजारात चालायची, आणि मी मागून पिशवी घेऊन, ढ विद्यार्थिनीसारखी. शेजारच्या हंसाबेन दारातून विचारायच्या, "आज टीचर कोण छे?"

वंदनेची पद्धत मात्र अण्णांचीच ठेवली. मी एक ओळ म्हणायची, तिने म्हणायची. मागची ओळ पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. लहानपणी मी पालीचे अर्थ विचारले की अण्णा म्हणायचे, "समजनं नंतर, पहिले तोंडमा बसाले जोयजे." मी अर्थही सांगत गेले, तेवढी सुधारणा माझी. फाल्गुन संपता संपता पोरगी घडाघडा म्हणायला लागली. कणीक मळताना मी ऐकत राहायचे आणि मला मनातून इतका आनंद व्हायचा, की पोळ्या दोन जास्तच व्हायच्या.

मग मी अण्णांना फोन केला, की या आणि ऐका. एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मी हुशारी केली. खात्याला सुट्टी असते, आणि म्हणून आमच्या शाळेलाही असते, तो दिवस निवडून त्यांना बोलावलं. म्हटलं, माग बंद असतील, शांतता असेल, म्हाताऱ्या कानांना शब्द न् शब्द नीट ऐकू येईल.

अण्णा आले. खोली सारवल्यासारखी पुसून घेतली होती. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मितू पांढरा फ्रॉक घालून बसली, हात जोडले, त्रिशरण म्हटलं. पंचशिलाच्या तिसऱ्या ओळीला थांबली. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा थांबली. मी ओठ हलवून पुढचा शब्द दिला, तो घेतला आणि त्याच्या पुढचा गेला. खोलीत इतकं शांत होतं, की मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू आली. मितूच्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, "कालच तर म्हटली, खरंच." कोण विश्वास ठेवणार?

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सकायनी गाडीमा मनासंगे चाल, बेटा." शब्द माझाच होता. मी तिचे फ्रॉक घडी घालून पिशवीत भरले.

सकाळी हे कामावर गेले. अण्णा चप्पल घालत होते, मी मितूची वेणी घालत होते. भिंतीपलीकडे एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. आणि माझ्या हातातली वेणी हलायला लागली, कारण मितूची मान ठेक्यावर हलत होती. तिने आपणहून सुरू केलं. त्रिशरण, पंचशील, पुढची सगळी वंदना, शेवटपर्यंत, एका दमात. खटाखट आणि शब्द, शब्द आणि खटाखट. कुठल्या ओळीनंतर श्वास घ्यायचा तेही तिला मागानेच शिकवलं होतं, आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता.

अण्णा एका पायात चप्पल घालून उभे होते. मग तिथेच खाली बसले. "आते समजनं," ते म्हणाले. "पोर भुलनी नही. तिनी साथ बंद पडनी व्हती." त्यांनी तिला परत म्हणायला लावलं आणि स्वतःही सोबत म्हणू लागले. त्यांची चाल विहारातली, संथ. हिची चाल पॉवरलूमची. हिचं कडवं संपून ही वाट बघत बसायची, अण्णा मागून येत राहायचे. मी इतकी हसले, की वेणी सुटली.

मितू म्हणाली, "अण्णा, गावी तर लूमच नाही. मग तुम्ही कशावर म्हणता?"

"तुनी आजी म्हने ना मनासंगे. तिना आवाजवर."

"आणि आता?"

अण्णांनी तिची सुटलेली वेणी हातात घेतली. मग म्हणाले, "आते मीबी भुली जास."

तेव्हा मला समजलं, की फलाटावर ते पोर कशासाठी मागत होते. मी उठले, मितूच्या पिशवीतले फ्रॉक काढून मांडणीवर ठेवले, आणि अण्णांची पिशवी न विचारता खुंटीला अडकवली.  दुसरी चप्पल त्यांनी घातलीच नाही.

जूनमध्ये मितू शाळेत गेली, पण घरची शाळा सुटली नाही. सकाळी चाळीतली चार पोरं येऊन बसतात. अण्णा त्यांना संथ चाल शिकवतात, पोरं ती मागाच्या चालीवर नेतात, अण्णा वैतागतात आणि चहा मागतात. विहारातली वंदना गावात आता माझा चुलतभाऊ सांगतो. परवा त्याचा अण्णांना फोन आला होता. मी खडे चिकटवत होते, माग चालू होते, त्यामुळे तिकडचं काही ऐकू आलं नाही. घरी कधी येणार, असं त्याने विचारलं असावं. कारण अण्णा मोठ्याने, अगदी सहज म्हणाले, "घरमाच शे ना मी."