बनाअक्काच्या ताटातली भाकरी

धुळ्याहून अमळनेरला निघालेली मोटार वाटेत दोनदा रुसली. दुसऱ्या वेळी तर आम्हा उतारूंनाच ढकलावी लागली, आणि माझं धुतलेलं धोतर काळ्या चिखलानं माखलं. स्टँडवर छकडा घेऊन आलेला माझा कॉलेजातला मित्र विश्राम मला बघून पोट धरून हसला.

त्याचं गाव बोरी नदीच्या काठी. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती, पण गावात वीज नव्हती. श्रावणातला शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. नारळाला डोळे, नथ लावून नटवलेली ही देवी खानदेशाची लाडकी.

पहाटे जात्याच्या घरघरीनं जाग आली. विश्रामची थोरली बहीण बनाअक्का ओव्या म्हणत रोटांचे (देवीच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्यांचे) गहू दळत होती. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू, असा नेम. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, त्याला दहा वर्षं झाली होती. इतका गोड गळा मी पुन्हा ऐकला नाही.

दुपारी विश्रामचे वडील, नाना, संकोचून म्हणाले, "भाऊ, रोट आमना भाऊबंदस्नाच ऱ्हास (भाऊबंदांपुरताच असतो). राग धरू नका. तुमले भाकरी शे."

"कुळाचार आहे, नाना. राग कसला?" मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात नाक खुपसू नये, असं मी मानत असे.

पंगत बसली. मला ओसरीवर भाकरी आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी मिळाली. गरम भाकरी, वर तेलाची धार. मी तर खूश होतो. मग बनाअक्का आपलं ताट घेऊन पलीकडे बसली. तिच्याही ताटात भाकरीच.

मी हातातला घास ताटात ठेवला. "नाना, मी परका, ते ठीक. पण जिनं दळलं, तिलाच रोट नाही?"

सगळ्यांचे हात थांबले. नानांचा चेहरा लाल झाला. "ती आते दुसरा कुयनी शे (दुसऱ्या कुळाची आहे). आमनी नही!"

विश्राम मान खाली घालून रोट मोडू लागला.

हात धुवायला अक्कानं पाणी घातलं. मला वाटलं, ती आभार मानेल. ती हळूच म्हणाली, "भाकरीनं काय, भाऊ. पन धा वरीसमा 'आमनी नही' असं कोनी तोंडतीन बोलनं नव्हतं. आज बठ्ठास्ना म्होरे (सगळ्यांसमोर) बोलनात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून मी परतलो. त्या पहाटेची ओवी आठवली की अजून जीव तिकडं ओढ घेतो, आणि लाजही वाटते. दुसऱ्याच्या श्रद्धेपुढं कुठवर गप्प बसावं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पुन्हा तशी पंगत बसली तर मी बोलेन. पण नानांशी बोलण्याआधी बनाअक्काला विचारीन, "अक्का, बोलू का?"