खिडकीची जागा, मांडीवर ससा

कुमुदताई गेल्या हे मला फोनवरच्या गटातून कळलं. सकाळी ऑफिसला निघाले होते, सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या एमआरटी स्टेशनात सरकत्या जिन्यावर उभी होते, आणि त्यांच्या मुलाचा, निखिलचा, दोन ओळींचा निरोप आला. झोपेतच गेल्या. जिना संपल्यावर बाजूला होऊन मी तो पुन्हा वाचला. तेवढ्यात त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं जमायला लागली होती आणि त्यातच कुणीतरी लिहिलं होतं, 'अरेरे! ससा घेऊन विमानात बसल्या होत्या, त्याच ना?' मग एकानं सशाचं चित्र टाकलं. एकानं हसरा चेहरा टाकला आणि लगेच पुसला, पण मी तो पाहिला होता. मी ऑफिसला गेले नाही. निखिलकडे गेले, करायचं होतं ते केलं... त्याला आता काही आठवडे झाले. परवा लिटिल इंडियात शेवग्याच्या शेंगा निवडत असताना ओळखीच्या एका बाईंनी मला थांबवून पुन्हा तेच विचारलं, तेही हसत. तेव्हा ठरवलं की हे एकदाच लिहून टाकायचं. हो, त्याच. हसायचं असेल तर हसा, पण आधी सगळं ऐका.

आमची ओळख झाली ती आमच्या ब्लॉकखालच्या बाजारात. कुमुदताई भाजीवाल्या चिनी आजोबांशी शुद्ध मराठीत भांडत होत्या, "ही कोथिंबीर कालची आहे, पाणी मारून ताजी केलीय तुम्ही," आणि आजोबा त्यांच्या भाषेत तितक्याच जोरात उत्तर देत होते. मी मदत करावी म्हणून इंग्रजीत मध्ये पडले. कुमुदताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कुणी बोलावलं? आमचं जमत आलं होतं." खरंच जमलं होतं. आजोबांनी आतली जुडी काढून दिली आणि वर चार मिरच्या टाकल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जायला लागले. दोन ब्लॉक सोडून तर राहत होत्या. मला जास्त गोड बोलणारी माणसं मानवत नाहीत, आणि त्यांनाही मानवत नसत.

त्या सिंगापूरला आल्या होत्या फक्त तीन महिन्यांसाठी, यजमानांबरोबर, निखिलचा संसार बघायला. विमान सुटताना यजमान नेहमी त्यांचा हात धरायचे. तसा त्या दिवशीही मुंबईहून निघताना धरला. विमान वर गेलं, आणि थोड्या वेळानं तो हात सैल झाला. झोप लागली असं समजून कुमुदताईंनी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. जेवण आलं तेव्हा "झोपू दे त्यांना" म्हणून त्यांचं ताट परत पाठवलं. चांगी विमानतळावर विमान उतरलं, माणसं उठून बॅगा काढायला लागली, आणि मग... हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भेंडी चिरता चिरता. "अख्खा प्रवास मी त्यांच्याशेजारी बसले होते गं. आणि मला कळलं नाही." पुढे भेंडी चिरत राहिल्या.

त्यानंतर त्या विमानात बसल्या नाहीत. अस्थी पुण्याला निखिल एकटा घेऊन गेला. नंतर त्यानं दोनदा आईचं पुण्याचं तिकीट काढलं. पहिल्यांदा त्या विमानतळावरून परत आल्या, दुसऱ्यांदा लिफ्टमधूनच. टॅम्पिनीसवरून दिवसभर विमानं जातात. एखादं फार खालून गेलं की त्या हातातलं टाकून ओट्याची कड घट्ट धरायच्या. तीन महिन्यांसाठी आलेली बाई परदेशात अडकली होती, आणि तिला अडवणारा कुठलाही कायदा नव्हता.

सशाची गोष्ट साधी आहे. निखिलच्या मुलीनं हट्टानं आणवला आणि एका महिन्यात तिचा उत्साह संपला. "आजी, यू टेक लाह," म्हणून तिनं जबाबदारी झटकली. पांढराशुभ्र, गुबगुबीत ससा. कुमुदताईंनी त्याचं नाव ठेवलं नाना, आणि त्याला अहोजाहो सुरू केलं. "नाना रुसलेत, गाजर नको म्हणतात." एकदा विमान गेलं तेव्हा तो योगायोगानं त्यांच्या मांडीवर होता, आणि ओट्याऐवजी हात त्याच्या पाठीवर पडला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मेधा, याचं काळीज माझ्यापेक्षा जोरात धावतं. जगातल्या सगळ्याला हा घाबरतो. आणि तरी कोथिंबीर खातो." त्या वाक्यावर मी हसले नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

मग अश्विनीचा, त्यांच्या मुलीचा, कॅलिफोर्नियाहून फोन आला. बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. "आई, तू ये," एवढंच म्हणाली. आपल्याकडे लेकीचं बाळंतपण आईनं करायचं असतं. त्यात 'जमल्यास' हा शब्द नसतो. तिसऱ्या दिवशी कुमुदताईंनीच मला फोनवर आलेली एक बातमी दाखवली. त्या काळात अमेरिकी विमान कंपन्या मनाच्या आधारासाठी म्हणून प्राणी बरोबर नेऊ द्यायच्या, आणि लोक काय काय घेऊन विमानात चढत होते! बदक, डुकराचं पिल्लू, एकानं तर टर्की. सगळं जग ते फोटो बघून खिदळत होतं. कुमुदताईंनी ते चष्मा लावून वाचलं. "यांना चालतं, तर नानांना का नाही?"

सिंगापूरहून थेट जाणारी एक अमेरिकी कंपनी निघाली. त्यांना मी स्वतः फोन केला. मालवाहतुकीच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यामुळे फोनवर ताटकळत राहायची मला सवय आहे. ससा चालेल, म्हणाले. पण मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र हवं. तिथं निखिल अडला. "आई, तुला काय वेड लागलंय? माझ्या ऑफिसातले लोक त्या विमानानं जातात. काय म्हणतील?" कुमुदताई म्हणाल्या, "वेड लागलं असतं तर बरं होतं, तुलाच काळजी. मला भीती लागलीय. आणि तुझ्या ऑफिसातल्यांपैकी कुणी येतंय का अश्विनीचं बाळंतपण करायला?" डॉक्टरकडे त्यांना मी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ससाच का? त्यांनी काळजाचं तेच वाक्य सांगितलं, मी इंग्रजी केलं, आणि डॉक्टरांनी पुढे काही न विचारता पत्र लिहायला घेतलं.

गणपतीत ही बातमी फुटली. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक बाई म्हणाल्या, "काय कुमुदताई, सशाला खिडकीची सीट घेतलीत म्हणे?" सगळ्या हसल्या. कुमुदताई म्हणाल्या, "छे हो. खिडकी माझी. तो मांडीवर बसणार, त्याला बाहेरचं बघवत नाही. तुमचे हे नाही का, तुम्ही गाडी चालवायला घेतली की डोळे मिटून बसतात?" त्या बाईंचे यजमान सर्वांत मोठ्यानं हसले.

सराव मात्र हसण्यावारी नव्हता. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं मांडायच्या. कुमुदताई भिंतीकडच्या खुर्चीत, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, मांडीवर नाना. मधल्या खुर्चीत तांदळाच्या पिठाची पिशवी, कारण शेजारी माणूस असणार. मी हवाई सुंदरी. कुमुदताई म्हणाल्या, "सुंदरी राहू दे, तू नुसती हवाई हो." विमानाचा आवाज आणायचा कुठून? मिक्सरमध्ये शेंगदाणे घालून फिरवायचा. आधी हळू, मग पूर्ण वेगात, आणि त्याच वेळी गॅसवर कुकर. शिट्टी झाली की विमान सुटलं. पहिल्या दिवशी नाना उडी मारून सोफ्याखाली गेले आणि कुमुदताई ओढणी सोडून स्वयंपाकघरात. पण रोज बसल्या. महिनाभरात त्या घरात इतका कूट साठला की आमच्या सगळ्या मैत्रिणी दाण्याच्या आमटीला कंटाळल्या, आणि नाना शिट्टी ऐकून फक्त एक कान हलवायला लागले. कुमुदताईंचा हात त्यांच्या पाठीवर असायचा.

निघायच्या सकाळी मी कुंकू आणि दही घेऊन गेले. कुणी लांब निघालं की मी करते, माझ्या आईचं बघून. कुमुदताईंनी दही घेतलं, पण कुंकवाचं बोट पुढे केल्यावर मान मागे घेतली. यजमान गेल्यापासून त्यांनी टिकलीसुद्धा लावली नव्हती. कुणाकडे हळदीकुंकू असलं तर त्या आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, आणि त्यांना बाहेर या म्हणणारं कुणी नव्हतं. "मला नको गं," त्या म्हणाल्या, "नानांना लाव. तेही निघालेत." मी लावलं. पांढऱ्या कपाळावर चांगलं ठसठशीत बोट उमटलं.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं टोपलीत वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "आंटी, धिस वन ब्लीडिंग आह?" आम्हाला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. तिनं तिच्या साहेबांना बोलावलं. ते आले, पाहिलं, आणि नम्रपणे म्हणाले, जखमी प्राणी विमानात घेता येत नाही. नानांच्या कपाळावर कान हलवून हलवून कुंकू पसरलं होतं, आणि ज्यानं जन्मात कुंकू पाहिलं नाही त्याला ते रक्तच वाटणार. मी समजावायला लागले. निखिल समजावायला लागला. मागची रांग खोळंबली, कुणी फोन वर करून फोटो काढायला लागलं. साहेब म्हणत होते, प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सोडता येणार नाही, पुढचं विमान उद्या. निखिल हळूच म्हणाला, "आई, चल घरी. जाऊ दे."

कुमुदताईंनी टोपलीत हात घातला. नानांच्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं, साहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि तेच बोट आपल्या कपाळावर टेकवलं. चांगलं दाबून. "सी? नो ब्लड," त्या म्हणाल्या. "पावडर. फॉर गोइंग." मग ओल्या रुमालानं नानांचं कपाळ पुसून दाखवलं. खाली पांढरीशुभ्र लव. स्वतःचं मात्र पुसलं नाही. साहेब म्हणाले, "ओके, आंटी." निखिल जमिनीकडे बघत होता. मी घड्याळाकडे बघत होते, कारण दुसरं काही बघितलं असतं तर अवघड झालं असतं.

विमानात काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. "सुटताना मी ओरडले नाही. नाना मुतले. पॅसिफिक फार मोठा आहे." अश्विनीनं पलंगावरून आधी सशाकडे नाही, आईच्या कपाळाकडे बघितलं. नातू सुखरूप झाला. कुंकू त्यानंतर राहिलं ते राहिलंच. परत आल्यावर त्यावरही बोलणारे बोलले. त्या पुढच्या हळदीकुंकवाला बाहेर, मधोमध, सोफ्यावर बसल्या.

नाना तिकडेच राहिले. त्यांना परत आणायचं तर परवाने, विलगीकरण, आणि ते आता थकले होते. कुमुदताई एकट्या परतल्या. शेजारी दंडावर चित्रं गोंदलेला एक धिप्पाड माणूस होता. त्याला त्यांनी सरळ सांगितलं, मला विमान सुटताना भीती वाटते, हात द्या. त्यानं दिला. "घामानं ओला होता गं त्याचा हात," त्या म्हणाल्या. "तोही घाबरलेलाच होता, पण त्याला विचारायची लाज वाटत होती." त्यानंतर त्या तीनदा पुण्याला जाऊन आल्या. यजमान गेल्यावर बंद केलेलं घर त्यांनी स्वतः उघडलं.

पुढे कंपन्यांनी नियम आवळले. आवळायला हवेच होते. लाडक्या कुत्र्याचं भाडं वाचावं म्हणून खोटी पत्रं काढणारे ढिगानं होते. पण भामट्यांवरचा राग भित्र्यांवर काढू नये. आपल्याकडे कमरेत चमक भरली तर माणूस चारचौघांत पट्टा बांधून फिरतो. मन धरून ठेवायला काही लागलं, तर ते मात्र लपवायचं. कुमुदताईंनी लपवलं नाही. टोपलीत घालून, रांगेत उभं राहून, सगळ्यांच्या देखत नेलं. त्यांच्यावर हसणाऱ्यांपैकी निम्मे जण विमान सुटताना डोळे मिटून काय पुटपुटतात, ते मी शेजारच्या खुर्चीतून ऐकलेलं आहे.

दहाव्या दिवसाच्या आत कुमुदताईंच्या अस्थी पुण्याला न्यायच्या होत्या. निखिल एकटाच निघाला. मी चांगीला सोडायला गेले. पुण्याला पोचल्यावर त्यानं फोन केला. "मावशी, सुटायच्या वेळी एअर होस्टेस म्हणाली की मांडीवरची पिशवी सीटखाली ठेवा. नियम आहे."

"मग?"

"मी म्हटलं, यात माझी आई आहे. तिला विमान सुटताना भीती वाटते. मोठ्यानं म्हटलं गं. आजूबाजूच्या सगळ्या रांगा वळून बघायला लागल्या. त्यात माझ्या ऑफिसातला एक जण होता."

"मग काय झालं?"

"ठेवावी लागली खाली. नियम नियमच." पलीकडे रिक्षांचा आवाज येत होता. "पण मी वाकून बसलो, मावशी. विमान सरळ होईपर्यंत हात पिशवीवरून काढला नाही."