सुमनबाईंच्या पार्टीचा दुपारचा खेळ

टीव्हीवरच्या लावणीचा मला कंटाळा आला होता. तिथं शिट्ट्यासुद्धा आधीच भरून ठेवलेल्या असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या कला केंद्रांत वर्षानुवर्षं एकाच जागी मुक्काम करून रोज गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका आहेत, हे ऐकून होते. नवऱ्याला म्हटलं, चल. तो म्हणाला, "तिथं बायका बघायला जात नाहीत." मग तर जायलाच हवं होतं.

सोलापूरहून सकाळी गाडी काढली. रस्ता झकास आहे, फक्त तुळजापूरच्या घाटात ट्रकांच्या मागं रखडायची तयारी ठेवा. धाराशिवात गुलाबजाम खाल्ले. एसटीनं येणार असाल तर कंडक्टरला आधीच सांगा, फाट्यावर उतरवतो. तो कसा बघतो ते मनावर घेऊ नका.

कला केंद्र म्हणजे पत्र्याचं थिएटर आणि मागं खोल्यांची रांग. एकेका खोलीत एकेक पार्टी राहते: गाणारी, नाचणाऱ्या दोघी-तिघी, पेटीवाला, ढोलकीवाला. दुपारच्या खेळात प्रत्येक पार्टीची पाळी येते. नंतर ज्याला जी पार्टी आवडली, तिची खासगी बैठक तो पैसे मोजून खोलीत लावतो. तिकीट सिनेमाएवढं. फोटो काढायला सक्त बंदी आहे, ती पाळा.

बाईमाणूस बघून मॅनेजरनं मला थेट मागं नेलं. पन्नाशीच्या सुमनबाई गजरा माळत बसल्या होत्या. पार्टीच्या मालकीण त्याच. "लेक रांगत व्हती तवापासून ही खोली आमची," म्हणाल्या. लेक आता लातूरला नर्स आहे. लग्न ठरलंय, सास्तूरकडचं चांगलं शेतकरी घर. आई सोलापूरला मेसमध्ये स्वयंपाक करते, एवढंच सासरच्यांना सांगितलेलं.

"आणि कळलं तर?" नको ते विचारायची खोडच आहे मला.

"कोन सांगणार? तिकडची मानसं इकडं येत न्हाईत. एकदा लगीन लागलं की म्या बी सोडनार. लेकीकडं जाऊन ऱ्हानार. लई झालं."

गुडघे गेल्यामुळं त्या बसूनच अदा करतात. पण खेळात पाळी आली तेव्हा नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी असं काही बोलल्या, की माझा नवरासुद्धा मोबाईल विसरला. मधेच त्यांचा हात हवेत थांबला. ढोलकीवाल्यानं तोच तुकडा पुन्हा वाजवून वेळ मारून नेली. पुढच्या रांगेतून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ ताडकन उठून बाहेर गेले.

खोलीत आल्यावर सुमनबाई कशाबशा म्हणाल्या, "व्याही व्हते. लेकीच्या सुपारीला मांडीला मांडी लावून बसलोय आमी."

ढोलकीवाले चाचा समजूत घालत होते. "ते कसं सांगतील, बाई? सांगायचं म्हंजे सोता कुठं गेलते, ते बी सांगावं लागंल."

सुमनबाईंना ते पटलं. "व्हय की. त्यांच्या बी इज्जतीचा सवाल हाय," म्हणून त्या घोटभर पाणी प्यायल्या. मलाही पटलं. परतताना ढाब्यावर शेवभाजी-भाकरी खाताना मी नवऱ्याला म्हणालेही, बरा सापडला म्हातारा. तेव्हा मला मजा वाटत होती. आता स्वतःचाच राग येतो.

घरी आल्यावर आठवड्याभरानं मी सुमनबाईंना फोन केला. लग्न मोडलं होतं. व्याह्यांनी पाच माणसांत बसून सांगितलं, मी सोता डोळ्यानं बघून आलोय. तुम्ही तिथं कशाला गेला होतात, हे एकानंही विचारलं नाही. उलट वेळेवर चौकशी केली म्हणून सगळ्यांनी त्यांना शहाणं ठरवलं.

रस्ता, जेवण, तिकीट, सगळं सांगून झालं. जा म्हणू की जाऊ नका, हे मला अजून ठरवता येत नाही. गेलात तर सुमनबाई त्याच खोलीत भेटतील. लेक फोन उचलत नाही, मग जायचं कुणाकडं, म्हणाल्या. आणि व्याही परवा परत आले होते. शेजारच्या पार्टीची बैठक लावून, हक्कानं बसले होते.